रशीदभाईंच्या पोटात थांबलेले हात

बारामती-इंदापूर भागात मला नावानं ओळखणारे थोडे आणि ‘भुलीच्या मॅडम’ म्हणून ओळखणारे पुष्कळ. त्यातही गंमत अशी, की ज्यांना मी भूल दिली त्यांना मी आठवत नाही. ऑपरेशन कुणी केलं हे माणूस जन्मभर सांगत राहतो. झोपवलं कुणी आणि जागं कुणी केलं, ते कुणी विचारत नाही. एकदा इंदापूरच्या बाजारात वांगी निवडता निवडता भाजीवाल्या मावशींना मी सहज म्हटलं, "आता पोट कसं आहे?" त्या दचकल्याच. "तुमाला काय म्हाईत माझ्या पोटाचं?" त्यांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला मी सगळा वेळ त्यांच्या उशाशी बसले होते.

सुई टोचली की भुलीच्या डॉक्टरचं काम संपलं, असा बाहेर समज आहे. सुई टोचणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. त्यानंतर तो माणूस स्वतःच्या ताब्यात राहत नाही. त्याचे स्नायू मी सैल केलेले असतात, त्यामुळे श्वाससुद्धा त्याच्यासाठी माझं यंत्र घेतं. डोळे चिकटपट्टीनं मिटवलेले असतात. तो त्या वेळी कुठं असतो, हे इतकी वर्षं काम करूनही मला ठाऊक नाही. माझ्याजवळ उरतो त्याच्या नाडीचा आवाज. बोटाला लावलेल्या चिमट्यामुळे तो टूं-टूं येत राहतो आणि रक्तातला प्राणवायू कमी होऊ लागला की सूर खाली उतरतो. पडद्याकडे पाठ असली तरी मला कळतं. घरी कुणी झोपेत वेगळा श्वास घेतला तर मी अजून उठून बसते.

माझे वडील भवानीनगरला साखर कारखान्यात होते. आमच्या बौद्ध वस्तीतून डॉक्टर झालेली मी पहिली. सुरुवातीची बरीच वर्षं गाडीच्या डिकीत नळ्या आणि औषधं घालून मी या दवाखान्यातून त्या दवाखान्यात जायची. तेव्हाचे सर्जन टेबलाशी, माझ्यापासून हातभर अंतरावर उभे असत. त्यांच्या कोपरांवरून, श्वासावरून मला आत काय चाललंय याचा अंदाज यायचा. सर्जन गप्प झाला की मी रक्ताची पिशवी जवळ ओढायची.

मग शेवटच्या काही वर्षांत बारामतीतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात मी कायमची रुजू झाले, आणि तिथं रोबोट आला.

आला त्या दिवशी त्याला हार घातला, नारळ फोडला, बाहूंना कुंकू लावलं. मी आपली बाजूला उभी होते. नंतर सगळं पुसून काढायला आमच्या सुरेखा सिस्टरला अर्धा दिवस लागला. ऑपरेशन थिएटरची ती मुख्य नर्स, बोलायला तिखट आणि हाताला शांत. "एवढा शिकलेला हाय म्हणत्यात," ती कुंकू खरवडत म्हणाली, "पण बघा, अंगाला हात लावू दिला निमूट."

रोबोट म्हटल्यावर लोकांना वाटतं, तो स्वतःच्या मनानं कापतो. तसं नाही. खोलीच्या कोपऱ्यात एक बैठक असते. सर्जन बूट काढून तिथं बसतो, एका खोबणीत डोकं घालतो, बोटं कड्यांत अडकवतो. तो जशी बोटं हलवेल तशी पेशंटच्या पोटातली बारीक अवजारं हलतात. हाताची थरथर यंत्र गाळून टाकतं. आतलं सगळं कितीतरी मोठं आणि खोल-उथळ कळेल असं दिसतं. माणसाचं मनगट वळणार नाही अशा जागी ती अवजारं वळतात. हे सगळं खरं आहे आणि कौतुकाचं आहे.

तरी पहिल्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला तो आजही आठवतो. टेबलाशी सर्जन नव्हता. पारदर्शक प्लॅस्टिक पांघरलेले बाहू पेशंटवर वाकून हळूहळू हलत होते. सर्जन पाठमोरा, पलीकडे, डोकं खोबणीत. आणि त्याचा आवाज मात्र स्पीकरमधून माझ्या कानाशी येत होता, "मॅडम, प्रेशर किती?" मी उत्तर कुणाकडे बघून द्यायचं ते मला कळेना. मी बाहूंकडे बघून दिलं.

आणखी एक गोष्ट. त्या अवजारांना वापराची मर्यादा असते आणि ती यंत्र स्वतः मोजतं. मर्यादा संपली की धार शाबूत असली तरी यंत्र ते अवजार घेत नाही. सुरेखा असली अवजारं वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायची. "ही मेलेली, मॅडम," ती म्हणायची. मी एकदा त्यातली कात्री उचलून गॉजवर चालवून पाहिली. नव्यासारखी चालली. खर्च वाढतो तो असा. शिवाय एवढं महाग यंत्र रिकामं ठेवणं कुणालाच परवडत नाही. मग साध्या दुर्बिणीनं उत्तम होणारी ऑपरेशनंही त्याच्यावर घ्यावीत का, अशी चर्चा मीटिंगमध्ये सुरू होते. मी विरोध करायची. कधी ऐकलं जायचं, कधी नाही.

रशीदभाई तांबोळी आले ते याच काळात.

इंदापुरात त्यांचं मोटारी भरून देण्याचं दुकान. विहिरीवरची, बोअरची मोटार जळाली की ती उघडायची, आतली जळकी तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हे काम. वय साठीच्या पुढचं, दाढी पांढरी, बोलणं मोजकं. त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता, पण लवकर सापडलेला. ग्रंथी काढून टाकली तर माणूस बरा होईल, असा. आमचे सर्जन डॉक्टर अभय. चाळिशीचा, हुशार, खोटं न बोलणारा माणूस. त्यानं रशीदभाई आणि त्यांच्या पत्नी जुबेदाभाभी, दोघांना दोन्ही रस्ते समजावून सांगितले: पोट उघडून किंवा रोबोटनं.

भुलीआधीच्या तपासणीसाठी दोघं माझ्याकडे आले. मी इंदापूर भागातली, म्हणून भाभींनी खुर्ची जवळ ओढली.

"ताई, खरं सांगा. डॉक्टर ह्यांच्या अंगाला हात लावणार न्हाईत म्हणं?"

"सुरुवातीला लावतील. मग लांब बसून चालवतील."

"मग काय झालं आत तर त्यांना कळणार कसं?"

"दिसतं. आपल्याला दिसतं त्याच्यापेक्षा चांगलं दिसतं. हाताला मात्र लागत नाही काही."

रशीदभाई म्हणाले, "ताई, फरक किती पडंल तेवढं सांगा."

मी त्यांना जे सांगितलं ते आजही कुणालाही सांगेन. कॅन्सर निघण्याच्या दृष्टीनं, हात चांगला असेल तर दोन्हींत मोठा फरक नाही. रोबोटनं रक्त कमी जातं, दुखतं कमी, माणूस लवकर उठतो. लघवीवरचा ताबा कदाचित थोडा लवकर येतो, पण त्याचा शब्द कुणी देऊ नये. आणि खर्च पुष्कळ जास्त. तुमच्या विम्यात तो सगळा बसणार नाही.

"लवकर उठतो म्हंजी, उकिडवं बसून काम जमंल?"

"लवकर जमेल."

त्यांनी भाभींकडे पाहिलं. भाभींच्या भावाचं काही वर्षांपूर्वी पोट उघडून ऑपरेशन झालं होतं. जखम चिघळली, तो कितीतरी दिवस कुशीवर वळू शकला नव्हता. "मला पुन्हा ते बघायचं न्हाय," भाभी म्हणाल्या. तेवढ्यावर ठरलं. दुकानामागची खोली, जिथं जुन्या मोटारी आणि तारेची भेंडोळी ठेवलेली असायची, ती त्यांनी शेजारच्या दुकानदाराला विकली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी रशीदभाई टेबलावर आडवे झाले. प्लॅस्टिक पांघरलेलं यंत्र भिंतीशी बाहू दुमडून उभं होतं. त्यांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं, पण चष्मा काढलेला. "ते काय उभं हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तेच ते." मी औषध दिलं आणि ते झोपेत गेले.

या ऑपरेशनमध्ये टेबल असं तिरकं करतात की डोकं बरंच खाली आणि पाय वर. आतडी छातीकडे सरकून ओटीपोटात जागा होते. मग बाहू जोडले जातात. त्यानंतर माझं काम एकच: पेशंट केसभरही हलता कामा नये. तो खोकला, दचकला, तरी आतली अवजारं त्याच्याबरोबर हलणार नाहीत, आणि फाटायचं ते फाटेल. म्हणून स्नायू सैल करण्याचं औषध अखंड चालू ठेवावं लागतं. माणसाला इतकं निश्चल करणं मला कधीच सवयीचं झालं नाही.

काम छान चाललं होतं. स्पीकरमधून अभयचा आवाज येत होता, भिंतीवरच्या पडद्यावर आतलं लालसर जग दिसत होतं, बारीक रक्तवाहिन्या नाडीबरोबर उडत होत्या. अर्ध्याहून जास्त काम उरकलं असेल. आणि यंत्रानं एक लांब सूर काढला.

बाहू थांबले.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पडद्यावर चित्र होतंच. मी बघत होते. मला काहीतरी खटकलं आणि काय ते कळायला क्षण गेला. रक्तवाहिनी उडत नव्हती. पडद्यावरचा माणूस थांबला होता. माझ्या कानाशी मात्र टूं-टूं चालू होतं, त्याच लयीत, त्याच सुरात. मी रशीदभाईंच्या मानेवर बोटं ठेवली. नाडी लागली, गरम आणि ठणठणीत.

"चित्र गोठलंय," मी म्हणाले. "पेशंट ठीक आहे."

अभय खोबणीतून डोकं काढून उभा राहिला. त्या खोलीत तो तेव्हा पहिल्यांदाच आल्यासारखा दिसला. माझं श्वासाचं यंत्र वरखाली होत होतं, आणि एरवी सतत हलणारे ते बाहू माणसाच्या पोटात रुतून तसेच उभे होते. त्यातल्या एकाच्या चिमट्यानं आत काहीतरी धरून ठेवलं होतं. आणि ते नेमकं काय, हे आता दिसत नव्हतं.

"सुरेखा, साधी दुर्बीण," अभय म्हणाला आणि हात धुवायला पळाला.

अशा वेळी काय करायचं त्याचा सराव आम्ही केलेला होता. चिमटा हातानं उघडण्यासाठी एक चावी असते. पण सराव रिकाम्या टेबलावर केलेला. साधी दुर्बीण आत घातल्यावर दिसलं, की चिमटा एका मोठ्या शिरेच्या काठाशी मिटलेला आहे. सुरेखानं चावी लावली. "हळू," अभय म्हणाला. "हळूच हाय," ती म्हणाली. चिमटा उघडला. अवजारं एकेक करून बाहेर आली, बाहू मागे ढकलले गेले. आणि त्या काठाशी रक्त भरू लागलं.

"उघडतो," अभय म्हणाला.

मी टेबल सरळ केलं, रक्ताची पिशवी लावली. त्यानं सुरी हातात घेतली, पण त्याआधी डावा तळवा रशीदभाईंच्या पोटावर सपाट ठेवला आणि क्षणभर तसाच राहिला. मी मास्कवरचे त्याचे डोळे पाहिले. घाबरलेले नव्हते. कुणाच्या तरी घरी पुष्कळ दिवसांनी गेल्यावर उंबऱ्यात माणूस थांबतो, तसे होते. मग त्यानं कापलं, हात आत घातला, बोटांनी शीर दाबली. रक्तदाब उतरत होता तो सावरला. त्याचे हात विसरले नव्हते. ज्या सरांकडे तो शिकला ते सगळं उघडूनच करायचे, हे आमचं नशीब. उरलेलं काम त्यानं त्याच हातांनी पुरं केलं. बाजूला यंत्र प्लॅस्टिक पांघरून उभं होतं, आणि मला सारखं वाटत होतं की ते बघतंय. असं वाटणं माझ्या शिक्षणात बसत नाही. पण वाटलं ते वाटलं.

दुपारी रशीदभाईंना मी जागं करून शेजारच्या खोलीत आणलं. अभयनं बाहेर जाऊन भाभींना सगळं सरळ सांगितलं: यंत्र बंद पडलं, पोट उघडावं लागलं, रक्त द्यावं लागलं, माणूस सुखरूप आहे. मी त्यांना आत नेलं.

खाटेजवळ येऊन त्या थांबल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"ह्ये आमचे न्हाईत."

डोकं इतका वेळ खाली राहिलं की चेहऱ्यावर सूज येते. पापण्या टम्म होतात, ओठ जाड होतात, गाल-हनुवटी एक होतात. दुसऱ्या दिवसापर्यंत उतरते. आम्हाला ती रोजची, म्हणून घरच्यांना आधी सांगायचं त्या धांदलीत राहून गेलं. मी भाभींना हे सांगू लागले, पण त्या मागं सरकल्या.

"न्हाय ताई. तुमी दुसराच माणूस दावताय. माझे कुठंयत? काय झालं त्यांना?"

"भाभी, हेच रशीदभाई आहेत."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "जुबेदा." घशातून नुकत्याच काढलेल्या नळीमुळे आवाजही घोगरा, ओळखू न येणारा. भाभींनी तोंडावर पदर धरला. त्या आवाजानं त्यांची खात्री आणखीच पक्की झाली, की हा त्यांचा नवरा नाही, पण त्याला त्यांचं नाव माहीत आहे. मला इतक्या वर्षांत कुठल्याही नातेवाइकाच्या चेहऱ्यावर तसली भीती दिसली नव्हती.

मग त्या खाटेच्या पायथ्याशी गेल्या आणि ब्लँकेट वर केलं. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख दुभंगलेलं होतं. कधीकाळी मोटार पडली होती त्यावर. त्यांनी ते बोटानं दाबून पाहिलं. तळपायावरून हात फिरवला. आणि तिथंच जमिनीवर बसून, पाय कवटाळून रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सूज उतरली. रशीदभाई उशीला टेकून बसले होते. मी नाडी बघत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, मधी लाइट गेली हुती का?"

"लाइट? कधी?"

"मी आत असताना. सगळं एकदम थांबलं. अंधार हुताच, पर त्यो बी थांबला. कसं सांगू… समदी मशीनं बंद पडल्यावर दुकान कसं गप हुतंय, तसं. पर लांब कुठंतरी एक मोटार चालू हुती. बारीक. ती ऐकत पडलो. म्हटलं, ती चालू हाय तवर आपून हाय."

माझ्या हातातली त्यांची नाडी शांत होती. माझीच वाढली.

कुणीतरी त्यांना सांगितलं असेल, असं मी धरून चालले. भाभींना विचारलं. त्या म्हणाल्या, ते बरे होईस्तवर त्यांच्यापुढं मशीनचा विषय काढायचा नाही, असं त्यांनी ठरवलंय. आपण काही बोललो नाही, अशी सुरेखानं शपथ घेतली. ऑपरेशनभर त्यांच्या मेंदूच्या लहरी दाखवणारा पडदा माझ्यासमोर होता, आणि त्या वेळी ते खोल, अगदी खोल झोपेत होते. त्यांना ना वेदना आठवत होती, ना बोलणं, ना कापणं. आठवत होतं फक्त ते सगळं थांबणं, आणि माझं श्वासाचं यंत्र. जागं होता होता आजूबाजूचं बोलणं कानावर पडून मेंदूनं गोष्ट रचली असेल, असं मी अभयला सांगितलं. तो म्हणाला, "असेल." आम्ही पुन्हा त्यावर बोललो नाही.

जखम भरायला वेळ लागला. जो त्रास टाळण्यासाठी खोली विकली तोच त्रास वाट्याला आला. अभयनं स्वतःची फी घेतली नाही आणि व्यवस्थापनाशी भांडून यंत्राचा खर्च बिलातून काढायला लावला. खोली मात्र गेली ती गेली. ग्रंथीच्या तपासणीत कॅन्सर पूर्ण निघाल्याचं आलं. यंत्रातला दोष कंपनीच्या माणसांनी शोधून दुरुस्त केला, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्यावर पुन्हा काम सुरू झालं. ते योग्यच होतं. त्यानंतर त्याच टेबलावरून किती माणसं छोट्या छिद्रांनिशी हसत घरी गेली, ती मी पाहिली आहेत. यंत्र वाईट आहे असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते. ते सगळ्यांना हवंच असं म्हणणाऱ्यांशीही घालते.

काही महिन्यांनी रशीदभाई तपासणीला आले. वजन थोडं उतरलेलं, चाल बरी. काम संपल्यावर म्हणाले, "मला ते मशीन बघायचंय."

अभयनं माझ्याकडे पाहिलं. दोन ऑपरेशनांच्या मधला वेळ होता. आम्ही त्यांना गाऊन-टोपी घालून आत नेलं. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता. ते यंत्राभोवती सावकाश फिरले, वाकून खाली पाहिलं, कुठंही हात लावला नाही.

"चालू करा की."

अभयनं चालू केलं. पंखा घरघरला, बाहू एकामागून एक उलगडत वर गेले. रशीदभाईंचा हात आपोआप पोटावर गेला. ते बराच वेळ बघत राहिले.

"माझ्यामागं झाले का कोण ह्याच्यावर?"

"झाले," अभय म्हणाला.

"बरे हायत समदे?"

"आहेत."

"मग चालू ठेवा." जरा वेळानं म्हणाले, "चांगलं मशीन हाय, डॉक्टर. आमची येळ चुकली."

अभयनं मान खाली घातली. मला त्या क्षणी त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाहेर दाराशी ट्रॉलीवर पुढची पेशंट आणून ठेवली होती, वडगाव निंबाळकरच्या एक बाई, गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी. गाऊन घातलेला, पांढऱ्या दाढीचा माणूस आतून आलेला पाहून त्यांना तो मोठा डॉक्टर वाटला असावा. त्यांनी त्याचा हात धरला.

"दुखतंय का वो आत? कळतंय का काय?"

रशीदभाई थांबले. त्यांनी बाईंच्या हातावर दुसरा हात ठेवला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि माझ्याकडेच बघत त्यांना म्हणाले,

"न्हाय, माउली. कायबी कळत न्हाय."

मी ट्रॉली आत घ्यायला सांगितली.